बारवांचे वरून फोटो काढायला कमी पैशांतला ड्रोन कोणता घ्यावा?

दुधनाकाठ
नमस्कार मंडळी. परभणी जिल्ह्यातल्या बारवांचे, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरींचे, फोटो काढायचा मला नाद आहे. सुट्टी मिळाली की मोटारसायकल काढायची आणि सेलू, जिंतूर, चारठाणा असं फिरायचं. आमच्या भागात दोन-चार गावांआड एखादी जुनी बारव आहेच. काही अजून पाण्यानं भरतात, काही गाळानं बुजल्या, काहींच्या तोंडावर बाभळी माजल्यात.

अडचण एवढीच की काठावर उभं राहून बारव पूर्ण दिसत नाही. वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव घ्या. कितीही वाइड लेन्स लावा, समोरच्या पायऱ्या येतात आणि पायाखालच्या राहतात. पायऱ्या फिरत फिरत पाण्यापर्यंत कशा उतरतात, ते फक्त डोक्यावरून बघितलं तरच कळतं. म्हणून ड्रोन घ्यायचं मनात आहे.

बजेट ४० हजार, ताणून ४५. लग्नाची कामं करायची नाहीत, कमाई करायची नाही. शहरातल्या एका दुकानदारानं तीन रस्ते सांगितले. एक, ऑनलाइन मिळणारा सहा-सात हजारांचा घडीचा ‘४के’ ड्रोन. दुसरा, डीजेआय या चिनी कंपनीचा नवा मिनी, पण बिल मिळणार नाही म्हणतो. तिसरा, कुणाचा तरी वापरलेला मिनी २, दोन बॅटऱ्यांसह. माझा गोंधळ उडालाय. वापरलेल्यांनी सांगावं.

नवखा_नांदेडकर
मी पण याच विचारात आहे, म्हणून इथंच विचारतो. सहा हजारांत ४के मिळत असेल तर चाळीस कशाला घालायचे? जाहिरातीत तर व्हिडिओ झकास दिसतो.

मांजराकाठ
नांदेडकर भाऊ, त्या वाटेला जाऊच नका. लातूर-अंबाजोगाई भागात लग्नाची शूटिंग करायलो बरीच वर्षं, असले ड्रोन हातात घेऊन बघितलेत. ई-८८ आणि त्याच्या जातीचे जे घडीचे ड्रोन आहेत, त्यांना गिंबल नसतो, म्हणजे कॅमेरा मोटरवर तोलून सरळ धरलेला नसतो. वारा आला की ड्रोन कलतो आणि ड्रोनबरोबर फोटोही कलतो. बहुतेकांना जीपीएस नाही, त्यामुळे एका जागी थांबत नाहीत, वाऱ्याबरोबर वाहत जातात. खोक्यावरचं ४के म्हणजे कमी पिक्सेलचं चित्र ताणून मोठं केलेलं असतं. त्यात दुधनाकाठ सरांना कॅमेरा बरोबर ९० अंश खाली वळवून पाहिजे. या ड्रोनमध्ये तेच नीट जमत नाही. लेकरांना अंगणात उडवायला घ्या, फोटोसाठी नको.

माझं मत विचाराल तर सरळ मिनी ३ घ्या. सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा भाग, १/१.३ इंचाचा, लेन्स एफ/१.७, उडायला ३८ मिनिटं. मिनी २ चा सेन्सर त्याहून लहान, १/२.३ इंचाचा. संध्याकाळच्या उजेडात दोन्हीत फार फरक पडतो. थोडे पैसे अजून जमवा आणि एकदाच चांगलं घ्या. बिलाचं काय एवढं, बाजारात सगळे तसेच घ्यायलेत.

बालाघाटी
मांजराकाठ, सेन्सरचं तुमचं म्हणणं बरोबर, पण बिलाचं एवढ्या सहज सोडू नका. भारत सरकारच्या विदेश व्यापार महासंचालनालयानं ९ फेब्रुवारी २०२२ ला अधिसूचना काढून परदेशी ड्रोनची आयात बंद केली. पूर्ण बांधलेला असो, अर्धा जोडलेला असो किंवा सुट्या भागांचा संच असो, तिन्ही रूपांत बंद. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा एवढ्यांनाच मुभा. सुटे भाग आणायला हरकत नाही. मिनी ३ बाजारात आला तोच या बंदीनंतर, २०२२ च्या अखेरीस. म्हणजे आज दुकानात जो ‘नवा, पॅक, बिल नाही’ म्हणून दाखवतात, तो देशात कोणत्या वाटेनं आला हे सांगायला नको. त्याची भारतात वॉरंटी नाही, बिघडला तर दाद कुठं मागणार? चाळीस-पन्नास हजार घालून माणसानं आपल्याच वस्तूबद्दल चोरट्यासारखं बोलावं, हे मला पटत नाही.

मिनी २ नोव्हेंबर २०२० मध्ये आला. त्याआधीचा मॅविक मिनी २०१९ चा, मिनी एसई २०२१ चा. हे तिन्ही बंदीच्या आधीचे. म्हणून ज्याच्याकडे २०२० किंवा २०२१ चं बिल आहे असा वापरलेला मिनी २ मिळत असेल, तर सरांच्या बजेटात तोच सगळ्यांत स्वच्छ सौदा आहे. ड्रोन कोणताही घ्या, पण पहिला प्रश्न बिलाच्या तारखेचा विचारा.

नवखा_नांदेडकर
माझा मावसभाऊ पुढच्या महिन्यात दुबईहून यायलाय. त्याला एक आणायला सांगितलं तर? एकच तर आहे, स्वतःसाठी.

बालाघाटी
एक आणला तरी आयातच ती. विमानतळावर कस्टमनं पकडला तर ड्रोन जाईल, आणि त्याची तिथं तासन् तास चौकशी होईल ते वेगळंच. भावाला खजूर आणायला सांगा.

सातमाळा
आधी काम काय आहे ते बघू, मग सेन्सरवर बोलू. सरांना बारव वरून पाहिजे, संध्याकाळचं आभाळ नको.

मिनी २ चा फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा, म्हणजे १२ मेगापिक्सेलचा असतो. लेन्स फुल फ्रेम कॅमेऱ्याच्या हिशेबात २४ मिमीची. कॅमेरा सरळ खाली करून ३० मीटरवर थांबलात, तर जमिनीवरचा साधारण ४३ बाय ३२ मीटरचा तुकडा एका फोटोत येतो. म्हणजे एक पिक्सेल जेमतेम १ सेंटीमीटरचा. पायरीचा प्रत्येक दगड, दोन दगडांमधली सांध, देवकोष्टकाची, म्हणजे देवाच्या कोनाड्याची, चौकट, सगळं मोजता येईल इतकं स्पष्ट. आपल्याकडच्या बहुतेक बारवा एवढ्या चौकटीत आरामात बसतात. एखादी मोठी असली तर ४० मीटरवर जा. हाच फोटो ३०० डीपीआयनं (इंचाला ३०० ठिपके) छापला तर सुमारे १३ बाय १० इंचाचा होतो. गावाच्या ग्रामपंचायतीत फ्रेम करून लावायला पुरेसा.

म्हणून या कामाला मिनी ३ चा मोठा सेन्सर मिळाला तर चांगलंच, पण त्यावाचून अडत नाही. अडेल ते एका गोष्टीत, ती म्हणजे रॉ फाइल, कॅमेऱ्यानं टिपलेली कच्ची नोंद, जिचा उजेड-अंधार नंतर नीट करता येतो. मॅविक मिनी आणि मिनी एसई फक्त जेपेग देतात. मिनी २ डीएनजी, म्हणजे रॉ, देतो. बारवेत वरची पायरी उन्हात पांढरीफेक आणि तळ काळाकुट्ट असतो, ही दोन टोकं सांभाळायला रॉ पाहिजेच. दोन-तीन हजार वाचवायला मिनी २ सोडून मॅविक मिनी घेऊ नका. त्याचा सिग्नलही वायफायवर चालतो. मिनी २ मध्ये ऑक्युसिंक ही डीजेआयची स्वतःची सिग्नल पद्धत आहे, त्यामुळे चित्र मध्येच अडकत नाही.

दुधनाकाठ
सातमाळा, हा हिशेब आतापर्यंत कुणीच सांगितला नव्हता. तुम्ही म्हणता तसा उजेडाचा प्रश्न मला नेहमीच पडतो. सगळे सांगतात सकाळी लवकर जा, संध्याकाळी जा. पण त्या वेळी बारवेत निम्म्या पायऱ्या अंधारात असतात. मग कधी उडवायचा?

सातमाळा
बारवेला सकाळ-संध्याकाळचा नियम चालत नाही. ती उन्हं शेतासाठी चांगली. सरी, तास, बांध तिरप्या उन्हात उठून दिसतात. खोल बारवेच्या तळाला ऊन पोचायचं तर सूर्य डोक्यावर पाहिजे.

परभणी साधारण १९.३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथं मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तेच शून्य सावलीचे दिवस. जुलैत आभाळ भरलेलं आणि बारवही भरलेली. मे महिन्यात पाणी तळाला गेलेलं, पायऱ्या उघड्या, ऊन थेट तळाशी. फोटोसाठी याहून चांगला दिवस नाही. पण मिनी २ ला कंपनीनं ० ते ४० अंश सेल्सियसच सांगितलंय, आणि मे महिन्यातली परभणीची दुपार त्यापुढं जाते. बॅटरी फुगते, मोबाइल तापून स्क्रीन अंधारते. स्क्रीन दिसत नसताना ड्रोन हवेत असणं म्हणजे जिवाला घोर.

मी फेब्रुवारीअखेर ते मार्चचा मध्य हा काळ धरला असता. १५ मार्चच्या सुमारास दुपारी सूर्य क्षितिजापासून ६८-६९ अंशांवर असतो, ऊन बऱ्यापैकी खोल जातं. पाणी उतरायला लागलेलं असतं, आणि हवा ४० च्या बरीच खाली. डिसेंबरात तोच सूर्य ४७ अंशांवर अडकतो, दक्षिणेकडच्या भिंतीची सावली अख्ख्या बारवेवर पडते.

दुसरा मार्ग पातळ ढगांच्या दिवसाचा. सावल्याच पडत नाहीत. फोटो जरा सपाट येतो, पण रचना पूर्ण कळते. आणि दोन्ही वेळी एईबी चालू ठेवा. मिनी २ एकाच जागेवरून वेगवेगळ्या उजेडाचे तीन फोटो काढतो, घरी आल्यावर ते जुळवा.

मांजराकाठ
मानलं सातमाळा. लग्नाच्या कामात मला रात्रीचा मंडप, रोषणाई पाहिजे असते, म्हणून मी मोठ्या सेन्सरच्या मागं. सरांच्या कामाला मिनी २ बरोबर आहे.

आता वापरलेला घेताना काय बघायचं ते सांगतो, कारण यात फसणारे लई बघितलेत. फोटो बघून पैसे पाठवायचे नाहीत. समोर बसून बघायचं.

आधी हात बघा. मिनीचे हात घडीचे असतात, बिजागरीपाशी केसाएवढी चीर असते ती नुसत्या डोळ्यानं दिसत नाही. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरा, हात हळूच उघडा-मिटा, चीर असली तर तिथं पांढरी रेघ उमटते. पडलेला ड्रोन इथंच पकडला जातो. पंखे बदललेत का बघा. नवे पंखे वाईट नाहीत, पण का बदलले ते विचारा. मिनीचे पंखे छोट्या स्क्रूनं बसतात. स्क्रूचं डोकं झिजलेलं असेल तर पुष्कळदा उघडझाक झालीय.

मग ड्रोन सपाट जागी ठेवून चालू करा. चालू होताना गिंबल एकदा सगळ्या दिशांना फिरून सरळ होतो. तो थरथरला, कुरकुरला किंवा तिरका थांबला तर सौदा तिथंच संपला. गिंबलची दुरुस्ती महाग. ॲपमध्ये बॅटरीची माहिती उघडली की चार्जिंग किती वेळा झालं तो आकडा येतो, तो बघा. बॅटरी हातात घेऊन दोन्ही बाजूंनी चाचपा, पोट सुटलेलं असेल तर फुकट दिली तरी नको. दोन्ही बॅटऱ्या लावून प्रत्येकी दहा मिनिटं हवेत एका जागी थांबवा. वारा नसताना तो हलतो का, खाली सरकतो का ते बघा. फोटो कार्डावर उतरवून लॅपटॉपवर कोपरे बघा. एका कोपऱ्यात धूसर असेल तर लेन्सला मार लागलाय.

आणि सगळ्यांत मोठं म्हणजे खातं. ड्रोन आधीच्या मालकाच्या डीजेआय खात्याला जोडलेला असतो. त्यानं तुमच्यासमोर त्याच्या मोबाइलवरून तो सोडवला पाहिजे आणि तुमच्या खात्यावर चढला पाहिजे. ‘घरी जाऊन करतो’ म्हणाला तर पैसेही घरी जाऊन देतो म्हणा.

काळी_माती
राम राम. माझा प्रश्न थोडा बाजूचा हाय. २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टीनं आमचं सोयाबीन पार पाण्याखाली गेलं. गावातल्या एका पोरानं ड्रोननं फोटो काढून दिले. अशा फोटोचा पंचनाम्याला उपयोग होतो का? होत असंल तर गावात मिळून एक घ्यावा म्हणतो.

बालाघाटी
काळी माती दादा, पंचनामा तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक यांनीच करायचा असतो, ड्रोनचा फोटो त्याची जागा घेत नाही. जोड म्हणून मात्र नक्की ठेवा. ड्रोनच्या मूळ फाइलमध्ये तारीख, वेळ आणि अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले जातात. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला की ही माहिती निघून जाते, म्हणून कार्डावरची मूळ फाइल जपून ठेवा. पीक विमा असेल तर नुकसानीची सूचना द्यायची का आणि किती वेळात, ते लगेच कृषी कार्यालयात विचारा. फोटोच्या नादात ती चुकू देऊ नका. आणि पूर असताना बचावाचं हेलिकॉप्टर येणार असेल तर ड्रोन जमिनीवरच. त्या वेळी हवेत एक पाव किलोची वस्तूसुद्धा माणसांच्या जिवावर बेतू शकते.

फवारणीचा ड्रोन ही वेगळी वस्तू. नमो ड्रोन दीदी योजनेत बचत गटांना मिळतात ते फवारणीचे. त्याला परवाने आणि प्रशिक्षण लागतं. फोटोचा ड्रोन घेताना ते दोन्ही एकत्र करू नका.

नवखा_नांदेडकर
परवान्याचं निघालंच तर विचारतो. २५० ग्रॅमच्या आतला असला तर ५० फुटांच्या वर न्यायचा नाही, असं एकजण म्हणाला. मग ३० मीटर कसं चालेल?

बालाघाटी
ते ५० फूट २०१८ च्या नियमांतलं आहे. २५ ऑगस्ट २०२१ पासून ड्रोन नियम २०२१ लागू झाले, त्यात वर्गवारी फक्त वजनावर आहे. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढं २ किलोपर्यंत मायक्रो, २ ते २५ किलो स्मॉल. नॅनोला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, टाइप सर्टिफिकेट (ड्रोनच्या मॉडेलचं मान्यतापत्र) लागत नाही, तृतीय पक्ष विमाही सक्तीचा नाही. मायक्रोला धंद्यासाठी वापरायचा असेल तर प्रमाणपत्र लागतं, छंदासाठी नाही. मिनी २ चं वजन २४९ ग्रॅम आहे, यासाठीच ते तिथं अडवून धरलंय. एक ग्रॅमची सूट आहे, हे लक्षात ठेवा. पंख्यांची जाळी लावली, वर दिवा चिकटवला की ड्रोन नॅनो राहत नाही. मिनी ३ ला मोठी बॅटरी मिळते, ती घातली की तोही २५० च्या पार जातो. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर बॅटरी आणि कार्डासकट ठेवून बघा.

प्रमाणपत्रातून सूट आहे म्हणजे नोंदणीतूनही आहे, असं धरू नका. ड्रोनला सरकारी ओळख क्रमांक घ्यायचा असतो. शुल्क १०० रुपये आहे, तेवढ्यासाठी भानगड ठेवू नये. जुन्या मालकाकडे क्रमांक असेल तर हस्तांतराचा अर्ज करून तो आपल्या नावावर घ्या.

उंची हिरव्या भागात, म्हणजे सरकारी नकाशावर जिथं आधी परवानगी लागत नाही तिथं, ४०० फूट, म्हणजे १२० मीटर. ॲप याहून जास्त उंची घेऊ देतं, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन तुम्हीच १२० ची मर्यादा टाका. विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच हिरवं, ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय नाही. नांदेडकर, तुमचं विमानतळ शहराला लागूनच आहे, त्यामुळे शहरात उडवायचा विचार सोडा. संभाजीनगरवाल्यांना चिकलठाणा आणि छावणी दोन्ही बघावं लागतं. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा प्रत्येक जागेसाठी उघडून बघायचा. नियम मोडला तर १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

सातमाळा
यात एक भर. वेरूळ, अजिंठा, देवगिरी, बीबी का मकबरा, पितळखोरा ही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची ठिकाणं. तिथं त्यांच्या लेखी परवानगीशिवाय ड्रोन काढायचासुद्धा नाही. नळदुर्ग राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे. पैठणचा नाथसागर पक्षी अभयारण्य आहे, तिथं वन खातं. बारवांपैकी काही संरक्षित आहेत, बऱ्याच नाहीत. जी बारव बघणार तिच्याजवळ निळा फलक आहे का ते आधी बघा, नसला तरी ग्रामपंचायतीत विचारा. देवस्थानची असेल तर पुजाऱ्याला.

पळसपान
मी हिंगोलीची. नियमांचं सगळं बरोबर आहे, पण मला गावाचं सांगायचंय. २०२४ च्या पावसाळ्यात बीड-जालना भागात रात्री ड्रोन फिरतात म्हणून गावं जागी राहिली होती, आठवतंय ना? चोरांनी टेहळणी लावलीय अशी भीती. ती अजून पुरती गेलेली नाही. आपण नियमानं चोख असलो तरी शेतात एकटी काम करणारी बाई वर घोंघावणारी वस्तू बघते, तेव्हा तिला काय वाटतं याचा विचार करा. बारवेच्या पाण्यावर अजून काही गावांत धुणं असतं. म्हणून दुधनाकाठ दादा, आधी सरपंचाला आणि पोलीस पाटलाला सांगा. पारावर बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना स्क्रीनवर त्यांचंच गाव दाखवा. आमच्याकडे एका आजोबांनी स्क्रीन बघून सांगितलं होतं की त्या बाभळीखाली बारवेची दुसरी वाट बुजलेली आहे. जमिनीवरून ते कुणाला कळलंच नसतं.

आणि आग्या मोहोळ बघा. जुन्या बारवेच्या कमानीत, शेजारच्या वडा-पिंपळाला हमखास असतं. आधी पायी एक फेरी मारा, मोहोळ दिसलं तर त्या दिवशी ड्रोन पेटीतच ठेवा. माश्या चवताळल्या तर ड्रोनचं काही होत नाही, खाली उभ्या माणसांचं होतं.

दुधनाकाठ
पळसपान ताई, मोहोळाचं डोक्यातच नव्हतं. चारठाण्याकडं एका ठिकाणी वडाला मोठं मोहोळ बघितलंय. आणि ती बुजलेली वाट कुठं आहे ते मला नक्की सांगा.

बालाघाटी आणि मांजराकाठ, तुमच्या सांगण्यावरून त्या मिनी २ वाल्याला फोन केला. बिल २०२१ चं आहे म्हणतो, लातूरला राहतो. एक तांत्रिक प्रश्न. बारवेच्या आत उतरवून पायऱ्यांचे जवळून फोटो काढता येतील का?

मांजराकाठ
नको सर. काठाच्या खाली जाऊच नका. मिनी २ ला फक्त पोटाखाली सेन्सर आहेत, समोर, मागं, बाजूला काही नाही. दगडी भिंत त्याला दिसत नाही. आत उतरला की आभाळ कमी दिसतं, उपग्रह तुटतात, तो जागा धरत नाही. खालच्या सेन्सरला स्थिर पाणी नीट समजत नाही, त्यामुळे उंची चुकते. आणि अशा वेळी सिग्नल गेला तर तो घरी परत यायला सरळ वर चढू शकतो, वर कमान असली की आपटलाच. जवळचे फोटो पायऱ्या उतरून तुमच्या हातातल्या कॅमेऱ्यानं काढा. ड्रोन काठापासून वरचं काम करील.

परतीची उंची आजूबाजूच्या सगळ्यांत उंच झाडापेक्षा, टॉवरपेक्षा जास्त लावा. विजेच्या तारा स्क्रीनवर दिसत नाहीत, त्या आधी डोळ्यानं मोजून ठेवा. बॅटरी ३० टक्क्यांवर आली की परत फिरवा, कारण येताना वारा समोरून असला तर तेवढीच बॅटरी बरीच लवकर उतरते. घार अंगावर आली तर खाली पळवू नका, वर चढवा. घार वरून झडप घालते.

उडवताना खाली जुनं फ्लेक्स किंवा सतरंजी अंथरा. काळ्या मातीची बारीक धूळ मोटारीत जाते आणि गिंबलच्या सांध्यात बसते. पत्र्याच्या शेडजवळ, ट्रॅक्टरजवळ किंवा मोटारसायकलच्या टाकीवर ठेवून उडवू नका, लोखंडानं कंपास बिघडतो.

नवखा_नांदेडकर
भारतीय बनावटीचा नॅनो ड्रोन नवा, बिलासकट मिळत असेल तर?

बालाघाटी
मिळाला तर जरूर बघा. गिंबल खरा आहे का, जीपीएस आहे का, रॉ देतो का आणि सुटी बॅटरी मिळते का, हेच चार प्रश्न त्यालाही. बिलावर जीएसटी तपासा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सगळ्या ड्रोनवर ५ टक्के आहे. त्याआधी कॅमेरा बसवलेल्यावर १८ आणि खाजगी वापराच्या ड्रोनवर २८ लागायचा. आज कुणी १८ किंवा २८ लावून बिल देत असेल तर विचारा का.

सातमाळा
दुधनाकाठ, ड्रोनवर सगळे पैसे संपवू नका. तिसरी बॅटरी, ६४ जीबीचं व्ही३० (वेगवान) कार्ड, पंख्यांचा एक संच आणि छोटा स्क्रूड्रायव्हर एवढं बाजूला धरा. एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काच) व्हिडिओसाठी लागतो, तुम्हाला सध्या नको. बॅटऱ्या पूर्ण भरून महिनोन् महिने ठेवू नका, निम्म्या-साठ टक्क्यांवर ठेवा, आणि पत्र्याच्या खोलीत उन्हाळ्यात अजिबात नको.

दुधनाकाठ
ठरलं. रविवारी लातूरला जातोय. बिलाची मूळ प्रत, ओळख क्रमांक, खातं सोडवणं, बिजागरी, गिंबल, दोन्ही बॅटऱ्या, एवढं समोर तपासतो. भाव जमला तर तिथंच घेतो. मांजराकाठ, तुम्ही त्या भागात असाल आणि तासभर मोकळे असाल तर सोबत याल का?

मांजराकाठ
येतो की. रविवारी सकाळी लग्नाचं काम नाही. शहरात उडवून बघायला नको, नकाशात हिरवी जागा आधी शोधून ठेवतो, मालकाला तिथंच बोलवा. लॅपटॉप मी आणतो, कार्ड तुम्ही आणा. त्याचं कार्ड वापरायचं नाही.

पळसपान
दादा, त्या गावाचं नाव खाजगी संदेशात पाठवलंय. आजोबांच्या नातवाचा फोन घेऊन ठेवते. फेब्रुवारीअखेर बाभळी तोडायचं ग्रामपंचायतीत ठरलंय, त्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा, त्याच उंचीवरून दोन फोटो काढाल का?

दुधनाकाठ
काढतो ताई. ३० मीटर, कॅमेरा सरळ खाली, दोन्ही वेळा दुपारी बाराच्या सुमाराला. अक्षांश-रेखांश फाइलमध्ये असतीलच, त्यावरून जागा जुळवतो.